चार बोटांचा ढिलेपणा

मी एक जुनं स्टिअरिंग आहे, मित्रांनो. गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतं ना, ते गोल चाक. गोष्ट सुरू करण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही मला लबाड म्हणायला नको. माझ्यामुळे एका भल्या माणसाचा उजवा हात अधू झाला, आणि त्या हातावर माझं फार प्रेम होतं. आपली कहाणी सांगताना जो तो थोडी फुशारकी मारतोच. मीही मारणार आहे. ती ऐकताना हे तेवढं ध्यानात असू द्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी सळई वाकवून गोल केली, तिच्यावर काळं कडक आवरण ओतलं, मधे दोन दांड्या बसवल्या आणि झालो मी तयार. तिथे एक कामगार बाई होती. आमच्या गोलाईवरून बोट फिरवायचं आणि कुठे बुडबुडा, कुठे खरखर राहिलीय का ते बघायचं, एवढंच तिचं काम. ती डोळे मिटून बघायची. माझ्यावरून बोट फिरवून ती म्हणाली, "हा गुळगुळीत आहे," आणि तिने मला पुढे सरकवलं. आयुष्यातली पहिली शाबासकी कोण विसरतो? मीही विसरलो नाही.

मग मला एका राखाडी गाडीत बसवलं. आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. मी दिसतो एकटा, पण मी एकटा नसतो. माझ्यामागून एक लांब दांडा खाली जातो. दांड्याच्या टोकाला एक लोखंडी पेटी असते. पेटीपासून सळया निघतात त्या थेट पुढच्या दोन चाकांपर्यंत, आणि सळईच्या टोकाला असतो एक छोटा गोळा, वाटीत बसवलेला, तुमचा खांदा बसवलाय तसा. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. मी वळलो की पेटी सळयांना ढकलते आणि चाकं वळतात. मान सगळा मला मिळतो, कारण मी वर असतो आणि चकाकतो. चिखल, खडी आणि पाणी ते खालचे खातात.

माझी कामं दोन. हाताने सांगितलेलं चाकांना कळवायचं, हे एक, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं काम उलट्या दिशेचं. खाली काय चाललंय ते वर हाताला कळवायचं. रस्ता निसरडा आहे, एका चाकात हवा कमी आहे, कुठेतरी काहीतरी सैल झालंय, हे सगळं मी न बोलता सांगत असतो. थरथरून सांगतो, ओढ घेऊन सांगतो. ते कळायला हात मात्र शहाणा लागतो.

मला फार शहाणा हात मिळाला. ज्याने आमची गाडी घेतली तो घड्याळं दुरुस्त करायचा. गल्लीत सगळे त्याला घड्याळजी म्हणायचे, आणि चिडली की त्याची बायकोसुद्धा तेच म्हणायची. खाली दुकान, वर घर आणि बाजूला पत्र्याच्या छपराखाली आमची गाडी, असा सगळा संसार. काचेतून मला दुकानाची खिडकी दिसायची आणि खिडकीत तो, डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसलेला. समोर चिमट्यांची ताटली, काचेच्या टोप्यांखाली उघडी घड्याळं आणि क्रीमच्या डबीच्या झाकणात मोहरीएवढे स्क्रू. मागच्या भिंतीवर वीस-बावीस घड्याळं, आणि दोहोंची वेळ जुळेल तर शपथ. गिऱ्हाईक गोंधळून विचारायचं, "अहो, यातली खरी वेळ कुठली?" मग हा आपल्या मनगटाकडे बघून सांगायचा.

त्याची बोटं लांब आणि हलकी होती. लोक मला मुठीत आवळतात, हा मला नुसता धरायचा. गाडी धुवायला घेतली की पहिला मान माझा. घड्याळांच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने तो मला पुसायचा आणि मग बाकीच्या गाडीवर बादली ओतायचा. अशा हातात वीस वर्षं गेली. त्याच्या मुलीला शाळेत सोडलं, परीक्षेला नेलं, पुढे नर्सिंग शिकायला दुसऱ्या गावी पोचवलं. परत येताना मागची सीट रिकामी होती. मी त्या दिवशी जितकं सरळ जाता येईल तितकं सरळ गेलो.

दर सहा महिन्यांनी घड्याळजी गाडीची तपासणी करायचा. ती बघण्यासारखी असायची. स्टिअरिंगचे सांधे तपासायचे तर दोन माणसं लागतात. एकाने वर बसून मला थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून एकेक सांधा हाताने धरून बघायचा. सांध्यात ढिलेपणा असेल तर तो बोटांना तिथल्या तिथे कळतो. घड्याळजी गोणपाट अंथरून खाली शिरायचा आणि बायको वर बसायची.

"हलव!" खालून आवाज यायचा.

"हलवतेय की."

"डावीकडे!"

"डावीकडेच नेतेय."

"अगं, तुझं डावं!"

"माझंच डावं आहे हे. तुम्ही उताणे पडलाय, म्हणून तुम्हाला सगळं उलटं दिसतंय. हात भरून आले माझे, घड्याळजी."

मग खालून हसू यायचं, वरून हसू यायचं आणि दोघांच्या मधे मी हलत राहायचो. एखादा सांधा ढिला लागला की त्याच आठवड्यात नवा बसायचा. त्या वर्षांत मला माझ्या खालच्या मंडळींची कधी काळजी वाटली नाही.

मग एका हिवाळ्यात त्याची बायको आजारी पडली. मी तिला तीनदा दवाखान्यात नेलं आणि तीनदा घरी आणलं. चौथ्यांदा घड्याळजी एकटाच परतला. गाडी छपराखाली लावून तो इंजिन बंद न करता बराच वेळ बसून राहिला, माझ्यावर दोन्ही हात ठेवून. ते हात थंडगार होते.

त्यानंतर ते गोणपाट पुन्हा कधी जमिनीवर आलं नाही. तेल बदललं जायचं, हवा भरली जायची, मला पुसणंही चुकलं नाही. वरचं सगळं जागच्या जागी होतं. खाली मात्र कुणी गेलं नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली.

डाव्या चाकाच्या बॉल जॉइंटवर रबराची टोपी असते, आतलं ग्रीस सांभाळायला. ती कधी चिरली ते मलाही कळलं नाही. पहिल्यांदा आत पाणी गेलं, मग बारीक वाळू गेली. ग्रीस सुकलं. गोळा आणि वाटी एकमेकांना खाऊ लागले. पेटीतले दातेही वयापरत्वे झिजत होते. मी वर कळवलं. आधी एक बोटभर सैल पडलो, म्हणजे मला बोटभर फिरवलं तरी चाकं ढिम्म. मग दोन बोटं. पुढे पुढे तर सरळ रस्त्यावरही मला सारखं इकडून तिकडे चाळवत राहावं लागे, तेव्हा कुठे गाडी सरळ जाई.

आणि इथे माझा शहाणा हात फसला, मित्रांनो. हातांना एक खोड असते, ते सवय लावून घेतात. ढिलेपणा रोज केसभर वाढत होता आणि घड्याळजीचे हात रोज केसभर जास्त फिरत होते. त्याला वाटायचं, आपण पूर्वीसारखेच चालवतोय. मी ओरडत होतो आणि त्याच्या लेखी मी गप्प होतो. कित्येकदा वाटलं, त्याच्या मनगटाला धरून गदगदा हलवावं.

चौथ्या वर्षी मुलगी परत आली. टेकडीवरच्या छोट्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती आणि बाबांना एकटं ठेवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. दवाखान्यात जायला गाडी लागणार. पहिल्या दिवशी ती माझ्यामागे बसली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि घाबरून मागे आली.

"बाबा, ही गाडी मी सांगते ते ऐकते, पण आधी थोडा विचार करते!"

"जुनी आहे. हलक्या हाताने चालव."

"दिवसभर लोकांना सुया टोचते मी. हलक्या हाताचं मला नका सांगू. मी वळवतेय आणि काहीच होत नाहीये."

"मला तर कधी काही जाणवलं नाही."

तिच्या परक्या हाताला जे एका मिनिटात कळलं, ते त्याला चार वर्षांत कळलं नव्हतं. तो जिना उतरून आला, माझ्यामागे बसला आणि चाकं हलायला लागेपर्यंत मी किती फिरतो ते त्याने मोजलं. चार बोटं. त्याने पुन्हा मोजलं. त्याचा चेहरा पडला. केसाएवढ्या स्प्रिंगमधला बिघाड हुडकणाऱ्या माणसाच्या हाताखालून चार बोटांचा ढिलेपणा निसटला होता. त्याला मनापासून लाज वाटली, आणि ही लाजच पुढे सगळ्यांना भोवली.

आता खाली जायला हवं होतं. मुलगी तोवर वर घरात गेली होती, हाक मारली असती तर धावत आली असती. घड्याळजी छपराच्या कोपऱ्यापर्यंत गेला, घडी घातलेल्या गोणपाटापाशी उभा राहिला आणि तसाच मागे फिरला. त्याने दुकानातून स्क्रू ड्रायव्हर आणि पाना आणला आणि बॉनेट उघडलं.

त्या लोखंडी पेटीच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो फिरवला की आतले दाते एकमेकांच्या जवळ येतात आणि पेटीतला ढिलेपणा कमी होतो. हे काम वरून होतं आणि एकट्याने होतं. स्क्रू म्हटल्यावर घड्याळजीला हुरूप आला. उभा जन्म त्याने तेच केलं होतं. पाव वळण दिलं आणि मला हलवून बघितलं. चाराची तीन बोटं झाली. आणखी पाव. दोन. इथे थांबायला हवं होतं, पण त्याने आणखी थोडा आवळला. एक बोट उरलं.

"आता बघ!" त्याने मुलीला हाक मारली. "एक बोट तर कोऱ्या गाडीतही असतं."

मुलीने गल्लीत एक फेरी मारली आणि टाळ्या वाजवल्या. शेजारीपाजारी म्हणाले, घड्याळजीचा हात म्हणजे हात आहे. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. स्तुती चालली होती आणि मी धास्तावलो होतो. कारण पेटीतली तीन बोटं गेली होती, पण उरलेलं एक बोट पेटीतलं नव्हतंच. ते खाली होतं, डाव्या चाकाच्या वाटीत, आणि ते वाढत होतं. आता ते वर पोचणार कसं? माझा दांडा त्या आवळलेल्या पेटीतच संपत होता. खालून आलेली खबर त्या पेटीत अडकून पडायची.

आठवड्याभरात मुलीला काहीतरी खटकलं. एरवी वळण संपलं की मी आपोआप सरळ होतो. आता मी वळलेला तसाच राहायचो आणि तिला मला ओढून जागेवर आणावं लागायचं.

"बाबा, हे परत का येत नाही?"

"नवीन आवळलंय. बसेल."

"आणि गेटातून बाहेर पडताना खालून टक असा आवाज येतो."

घड्याळजी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेटापाशी उभा राहिला. गाडी वळली. टक. त्याने मान डोलावली आणि दुकानात निघून गेला. मित्रांनो, चाळीस वर्षं ज्या माणसाच्या भोवती सगळं टकटक करत असतं, त्याच्या कानाला टक ऐकू आलं की काहीतरी नीट चाललंय असंच वाटतं. दुसरा कुणी लगेच गाडीखाली डोकावला असता. त्याला बरं वाटलं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिक मनगटावरचं घड्याळ दाखवायला एकदा दुकानात आला होता. जाता जाता त्याची नजर आमच्या पुढच्या चाकांवर गेली. तो वाकला, टायरवरून तळवा फिरवला आणि खिडकीपाशी आला.

"घड्याळजी, डावा टायर आतल्या बाजूने खाल्लाय. गाडी एकदा खालून बघू द्या. मी खाली शिरतो, तुम्ही वर बसून हलवा. दहा मिनिटांचं काम."

"काही नको. ढिलेपणा होता, मी काढला. स्क्रू आवळला."

"खालचं न बघता आवळला?" मेकॅनिकचा आवाज बदलला. "अहो, ताई रोज टेकडी उतरतात ना या गाडीतून?"

घड्याळजीने भिंग डोळ्यावरून काढलं. "तुझं घड्याळ मी उघडतो तेव्हा तू शिकवायला येतोस का मला?"

मेकॅनिक ओशाळून हसला आणि गेला. संध्याकाळी मुलीने विचारलं, "तो मेकॅनिक काय म्हणत होता?" तेव्हा घड्याळजी म्हणाला, "काही नाही, त्याचं घड्याळ मागे पडतंय." माझ्या समोर, दारात उभं राहून तो हे म्हणाला. मला त्याचा राग आला. इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता.

टेकडीचा रस्ता मला पाठ होता. जाताना चढ असतो, तेव्हा भीती नसते. येताना उतार, मग उजवीकडे एक लांब वळण, आणि वळणाच्या डाव्या हाताला दगडी कठडा. कठड्याच्या पलीकडे खोल कालवा. रोज त्या वळणावर डावा गोळा वाटीच्या काठापर्यंत यायचा आणि परत आत बसायचा. सोमवारी आला, बसला. मंगळवारी आला, बसला. मुलगी गाणं गुणगुणत असायची. माझ्यावर तिचे दोन्ही हात असायचे आणि तिला सांगायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं.

मग ती सकाळ आली. दवाखान्याच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून मुलीच्या सुट्टीच्या दिवशी घड्याळजी तिच्यासोबत वर गेला. घड्याळ तासाभरात चालू झालं. डॉक्टरीणबाईंनी चहा पाजला, चार शब्द कौतुकाचे बोलल्या. स्वारी खुशीत होती. परत निघताना तो मुलीच्या शेजारी बसला आणि बायकोच्या गोष्टी सांगू लागला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मुलगी हसत होती. ऊन स्वच्छ होतं, रस्ता कोरडा होता आणि गाडीचा वेगही काही फार नव्हता.

वळणाच्या तोंडाशी एक खड्डा होता. फार मोठा नव्हता, ताटाएवढा. डावं चाक त्यात गेलं आणि वर आलं. गोळा वाटीच्या काठापर्यंत आला, आणि या वेळी परत आत बसला नाही.

मुलीने मला उजवीकडे वळवलं. मी वळलो, उजवं चाकही वळलं. डावं चाक मात्र सुटलं होतं. ते कठड्याकडे तोंड करून आपल्या मनाने निघालं आणि त्याने सगळी गाडी आपल्यामागे ओढली.

"बाबा!"

तिने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. ती घाबरली, पण तिने मला सोडलं नाही. आणि तेव्हा घड्याळजीने हात पुढे केला. कुठलाही बाप करेल. पोरीला वाचवायला त्याने मला धरलं, घट्ट, अंगठा दांडीच्या आत घालून. त्याने मला असं मुठीत कधी आवळलं नव्हतं. डावं चाक कठडा फोडून पलीकडे गेलं आणि त्याच क्षणी उजवं चाक उरलेल्या दगडांवर आदळलं. तो धक्का सळईतून पेटीत आणि पेटीतून माझ्यात आला. मी गरकन फिरलो. थांबणं माझ्या हातात नव्हतं, मित्रांनो, खरंच नव्हतं. माझ्या दांडीने तो अंगठा आणि ते मनगट एका झटक्यात मोडलं.

गाडी थांबली. पुढचं डावं चाक कठड्याच्या पलीकडे अधांतरी होतं. कठड्याचे दोन दगड सुटून खाली गेले होते. ते पाण्यात पडल्याचा आवाज यायला जरा वेळ लागला. मग मुलीने बाबांचा हात बघितला आणि ती एकदम नर्स झाली, ओढणीची झोळी केली, हात बांधला आणि त्यांना आपल्या दाराने सावकाश बाहेर काढलं. रडली ती नंतर, रस्त्याच्या कडेला बसून.

गाडी ओढून मेकॅनिकच्या गॅरेजात आणली. दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तेव्हा तो खालून तो सांधा काढून बाहेर आला आणि त्याने तळहातावर ठेवून तिला दाखवला. वाटी पसरट झाली होती, गोळा लंबुळका झाला होता.

"हे एका दिवसाचं नाही, ताई. तीन-चार वर्षांचं आहे."

"मग बाबांना दिसलं कसं नाही? त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

"एकट्याला नाही कळत हे. वर कुणीतरी बसून हलवावं लागतं. मी म्हटलं होतं त्यांना."

मुलीने तो सांधा रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. गाडी मोडीत काढायची ठरली होती, म्हणून तिला शेवटचं बघायला दोघं आली. मेकॅनिक त्यांना सोडून बाहेर गेला. घड्याळजी शेजारच्या सीटवर बसला आणि मुलगी माझ्यामागे. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता. अंगठा आता तळव्याकडे वळत नव्हता. चिमटा धरता येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुकानातली अर्धवट उघडलेली घड्याळं तशीच टोप्यांखाली झाकून ठेवली होती.

"मी वरच होते बाबा," मुलगी म्हणाली. "एक जिना. तुम्ही मला हाक का नाही मारलीत?"

त्याने डाव्या हाताने समोरच्या काचेवरची धूळ पुसली.

"खाली झोपून 'हलव' म्हणायला तोंड उघडेना," तो म्हणाला. "मी म्हटलं असतं, आणि वरून दुसऱ्याच कुणाचा आवाज आला असता."

"माझाच आला असता ना, बाबा."

त्याने तो अधू हात उचलून माझ्यावर ठेवायचा प्रयत्न केला, पण बोटं मिटली नाहीत आणि हात घसरला. मुलीने तो धरला आणि आपल्या हाताखाली माझ्यावर ठेवला. दोघंही रडत होती. मला जर रडता आलं असतं तर मीही रडलो असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर तुम्हाला हात जोडून एक विनंती आहे. मला हात नाहीत, पण समजून घ्या. रोज चालवणाऱ्याला विचारू नका, तो म्हणेल सगळं ठीक आहे, आणि तो खोटं बोलत नसेल. जो क्वचित चालवतो त्याला विचारा, आणि त्याला भीती वाटली तर त्याला हसू नका. स्क्रू आवळून मला गप्प करण्याआधी कुणीतरी खाली जा. वर बसायला माणूस नसेल तर तुम्ही बसा. तेवढं काम तुम्हालाही जमेल.

हे मी आजच घाईने सांगतोय, त्यालाही कारण आहे. राखाडी गाडीचे तुकडे झाले, पण मी धडधाकट होतो, म्हणून मेकॅनिकने मला काढून ठेवलं. काल एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी आली. त्यांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग तडकलंय. बाई म्हणाल्या, "अहो, नुसतं चाक बदलून काय होणार? गाडी एका बाजूला ओढते. मला उतारावर भीती वाटते."

"तुला सवय नाही," गृहस्थ म्हणाले. "मी रोज चालवतो, मला काही जाणवत नाही."

मेकॅनिक म्हणाला, "गाडी घेऊन या, मी खालून बघतो." गृहस्थांना वेळ नव्हता. घरीच बसवतो म्हणाले. मला वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी बाईंच्या मांडीवर दिलं. कागदातूनही मला कळत होतं, त्यांची बोटं मला घट्ट धरून होती.

उद्या सकाळी मला त्या गाडीत बसवतील. गाडीखाली अजून कुणी गेलेलं नाही.